पितळी राघू

शिरूर अनंतपाळच्या ग्यानोबा सुताराला टाकाऊ लाकडाचं भारी वेड. मोडक्या बैलगाडीची फळी, पडक्या घराची चौकट, गंजलेल्या पट्ट्या, काहीही द्या. चार दिवसांत टेबल उभं. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कचेरीतली काही टेबलं त्यानेच करून दिली, आणि पुढे वर्षभर गावाला त्याच बढाया ऐकाव्या लागल्या.

एका टेबलाच्या खणाला मूठ म्हणून त्याने पितळी राघू बसवला होता. हा राघू मात्र टाकाऊ नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात मलप्पा आणि नागम्मा जगायला नांदेडकडे निघाले, तेव्हा आपला पितळी राघूचा सागवानी पाळणा त्याच्याकडे ठेवून गेले होते. "लेकीला लेकरू झालं की नेऊ, दादा." सुताराच्या दारी ठेवलेली वस्तू मोडायची नाही, ही बापाची शिकवण. पण दहा वर्षं कुणी फिरकलं नाही. लाकूड कमी पडलं तशी ग्यानोबाने पाळण्यावर पटाशी चालवली.

आणि नागम्मा पाळणा न्यायला परतली. मलप्पा वारला होता, लेक बाळंतपणाला आलेली, नातीचं बारसं चार दिवसांवर.

"वाळवी लागली, वहिनी," ग्यानोबा बोलून गेला.

ती म्हणाली, "तुमचंबी लई लाकूड गेलं असंल की, दादा." स्वतःचा पाळणा सोडून बाई त्याचीच कीव करत होती. ग्यानोबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिला विधवेच्या सरकारी पगाराचा अर्ज द्यायचा होता. "कचेरीत वळख हाय म्हनं तुमची. चला की संगं." नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? ते राघूचं टेबल आत साहेबांच्या खोलीत आहे, एवढाच काय तो आधार.

कचेरीत पोचतात तो टेबल बाहेर आलं होतं, कारकुनापुढे. राघूच्या पंखाला चेप होता. नागम्माच्या लेकीने लहानपणी दगडाने ठोकला होता. नागम्माचं बोट त्या चेपावर जाऊन थांबलं. तिने तोंड उघडलं असतं, तर ग्यानोबाच्या दारात पुन्हा कुणी पेरणीची तिफणही दुरुस्तीला ठेवली नसती.

"आवडला का राघू?" कारकून हसला. "तुमच्या या सुताराचीच करामत."

नागम्माने बोट काढून घेतलं. ग्यानोबाकडे बघितलंसुद्धा नाही.

"आमच्या पाळण्यालाबी व्हता, साहेब. वाळवीनं खाल्ला."

"पितळेला वाळवी!" कारकून खो खो हसला. ग्यानोबाची मान काही वर झाली नाही.