कोपऱ्यातली आई

“आई, हे बघ. हत्ती!” अन्वी म्हणाली.

तिची आई, केतकी, शेजारीच बसली होती. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. अन्वीने तिच्याकडे पाहिलंही नाही. लाकडी हत्ती उंच धरून ती माझ्या क्लिनिकच्या कोपऱ्याकडे बघत होती. भिंत आणि छत मिळतात तिथे. तिथे काहीच नव्हतं.

“असंच करते, मॅडम,” केतकी हळूच म्हणाली. “आमच्याशी एक शब्द नाही. भिंतीशी बोलते.”

मी स्पीच थेरपिस्ट. उशिरा बोलणारी, अडखळणारी, बोलता बोलता गप्प झालेली मुलं माझ्याकडे येतात. क्लिनिक बंगळुरात, बसवनगुडीत. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे माझ्या मराठीत कन्नड मिसळलेलं असतं. केतकी आणि तिचा नवरा निखिल पुण्याचे. मराठी बोलणारी थेरपिस्ट हवी म्हणून शोधत आले होते.

अन्वी साडेतीन वर्षांची. हिअरिंग टेस्ट केली, कान उत्तम. शब्द भरपूर. मग मी जॉइंट अटेन्शन बघितलं. म्हणजे मूल आधी एखादी वस्तू बघतं, मग आपल्याकडे बघतं, ‘तूही बघतेयस ना?’ असं. बोलण्याचा पाया तोच. अन्वीमध्ये तो होता. फक्त दिशा वेगळी होती.

“दिवसभर घरी कोण असतं?”

“रत्नम्मा सांभाळतात. पण त्यांना मराठी येत नाही. म्हणून हॉलमध्ये कॅमेरा लावलाय, बोलता येतं तसला. ऑफिसातून मी सारखी बोलते तिच्याशी.”

दोघांची ऑफिसं व्हाइटफील्डला. तिकडचं भाडं झेपेना म्हणून घर कनकपुरा रोडला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी निघताना अन्वी झोपलेली, परत येईपर्यंत पेंगुळलेली. शिवाय एक फ्लॅट बुक केलेला. तो बांधून होत नव्हता, हप्ते मात्र चालू. एका पगारात हे बसणारं नव्हतं.

“सरी, ठीक आहे. मी घरी येऊन बघते,” मी म्हटलं.

गेले ती दुपारची वेळ होती. दार रत्नम्मांनी उघडलं. हॉलमध्ये, फ्रिजच्या वर, कोपऱ्यात तो कॅमेरा. त्यावर बारीक निळा दिवा. थोड्या वेळाने त्यातून केतकीचा आवाज आला, जरा चिरका, मध्येच तुटणारा. अन्वी फुलली. उड्या मारत, मान वर करून बोलत सुटली. क्लिनिकमध्ये आमच्याकडे ढुंकूनही न बघणारी मुलगी हीच का, असं मला वाटलं.

तेवढ्यात करंट गेला. पंखा थांबला. निळा दिवा विझला. केतकीचा आवाज अर्ध्या शब्दात तुटला.

अन्वी मात्र थांबली नाही.

“आई, जेवलीस?” तिने वर बघून विचारलं. मग गप्प राहिली, कुणीतरी उत्तर द्यावं तेवढा वेळ. आणि मग तिच्याच तोंडून दुसरा आवाज आला. चिरका, नाकातला, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.

“हो बाळा. जेवले. आवाज... आवाज येतोय का?”

“येतोय,” अन्वी तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली.

मुलं नकला करतात. दोन बाजूंनी बोलणं हा खेळच असतो, हे मला माहीत आहे. पण तिच्या चेहऱ्यावर खेळ नव्हता. ती खरंच ऐकत होती.

रत्नम्मा माझ्या जवळ सरकल्या. कन्नडमध्ये पुटपुटल्या, “रोज असंच, अक्का. करंट नसला तरी. सांगितलं तर मलाच वेडी म्हणतील.”

मी अन्वीजवळ खाली बसले. “अन्वी, आई कुठेय?”

तिने कोपऱ्याकडे बोट केलं.

“आणि संध्याकाळी घरी येते ती कोण?”

तिने जरा विचार केला. “ती केतकी.”

दोघांना बोलावून मी हे जसंच्या तसं सांगितलं.  केतकी म्हणाली, “म्हणजे नोकरी मीच सोडायची. सगळे तेच म्हणणार.”

“मी तसं म्हटलं नाही. आवाज आणि माणूस एकत्र हवेत, एवढंच म्हणतेय.”

“तिने सोडली तर घर चालणार नाही, मॅडम,” निखिल म्हणाला. “तिचा पगार जास्त आहे.”

“मग तुमचं काय?”

त्याने केतकीकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नव्हता.

कॅमेरा एकदम काढू नका, असं मी बजावलं होतं. अन्वीच्या दृष्टीने तो कॅमेरा म्हणजे आईच होती. शनिवारी आम्ही प्रयोग केला. केतकी बेडरूममधून, फोनवरून, कॅमेऱ्यातून बोलायला लागली. बोलत बोलतच तिने दार उघडलं आणि हॉलमध्ये आली. तोच आवाज वरूनही, समोरूनही.

अन्वीने वर बघितलं. केतकीच्या ओठांकडे बघितलं. परत वर. मग किंचाळली, “हिने आईचा आवाज घेतला!”

केतकीचे डोळे वाहत होते. पण मी खूण केली तशी ती बोलत राहिली, हळू, जमिनीवर बसून. अन्वी रत्नम्मांच्या साडीत तोंड खुपसून थरथरत होती. हे पुढे किती तरी शनिवार चाललं.

शेवटी नोकरी निखिलने सोडली. फ्लॅटचं बुकिंग नुकसान सोसून रद्द केलं. व्हाइटफील्डजवळ एका खोलीचं घर भाड्याने घेतलं. केतकी आता उजेड असताना घरी पोहोचते. अन्वी तिला ‘आई’ म्हणायला लागली, आधी दबकत, तिच्या गालाला हात लावून, खरी आहे ना हे बघत. मधे काही दिवस ती निखिललाही आईच म्हणत होती. त्याने दुरुस्त केलं नाही.

“काटकसर फार होते,” परवा केतकी फोनवर म्हणाली. “आणि सासूबाई विचारतात, निखिलला काय झालंय?”

“काय सांगता?”

“बरं झालंय म्हणते.”

हल्ली नवीन मूल आलं की मी कान तपासायच्या आधी विचारते, ऑफिस घरापासून किती लांब, आणि घर तिथेच का घेतलं? पालक बुचकळ्यात पडतात. बोलण्याचा भाड्याशी काय संबंध? मी म्हणते, बसा, स्वल्प वेळ लागेल सांगायला.