आपल्याकडे नुसता आवाज

शेजारच्या काकूंनी कशाला चांगलं म्हटलेलं आमच्या गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं. चहा पांचट, साडीचा काठ बारीक, नळाची धार त्याहून बारीक. काका निवृत्त होईपर्यंत फॅक्टरीत तोफगोळे भरायच्या खात्यात होते. ते म्हणायचे, "गोळ्याले सेफ्टी असते, हिच्या जिभेले नाही." आम्ही पाठीमागे त्यांना तक्रारकाकू म्हणायचो. फॅक्टरीच्या रेंजवर, म्हणजे गोळे डागून बघायच्या मैदानावर, चाचणीचे गोळे सुटून खिडक्या थरथरल्या की काकू ओसरीत येऊन थेट आभाळावर ओरडायच्या, "झोपू द्या ना रे! काहून जीव घेऊन राहिले?"

आवाज मात्र खणखणीत. त्यामुळे पावसाळ्यातल्या वर्षावासात बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायचं काम काकूंकडेच असे. आश्विन पौर्णिमेला वाचन संपलं की त्यांना करमेनासं होई. अशाच एका वर्षी मी त्यांना आमच्याच शहरातल्या गोरखपूर भागातल्या वाचनालयातून एक पुस्तक आणून दिलं. दूरच्या कुठल्या युद्धात तळघरात अडकलेल्या कुटुंबाची ती हकीकत होती. आई, तिची लेकरं, म्हातारा सासरा. काकू दुपारी ओसरीत मोठ्याने वाचायच्या आणि आम्ही बायका भाजी निवडत ऐकायचो. बटाट्याच्या साली उकळून त्या आईने सगळ्यांना वाटल्या आणि स्वतःला काही ठेवलं नाही, तिथे काकू वाचता वाचता थांबल्या.

नेमका तेव्हाच रेंजवर गोळा सुटला. काचा थरथरल्या. आता काकू ओरडणार म्हणून आम्ही हसू दाबून बसलो. त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि हळू म्हणाल्या, "आपल्याकडे नुसता आवाज येते, माय. तिच्याकडे गोळा येत होता." दारात उभे असलेले काका आत गेले.

त्या दिवसापासून काकूंची तक्रार बंद. थंड चहाला "बरं आहे", करपलेल्या भाकरीला "बरं आहे". जेवणापूर्वी ताटाकडे क्षणभर बघत बसायच्या. गल्लीला हायसं वाटलं. पुस्तकाने माणूस कसा बदलतो म्हणून मी चार ठिकाणी मिरवलंही.

हिवाळ्यात काकूंचं जेवण तुटलं. चालताना भिंतीला हात लावू लागल्या. मी विचारलं, "काकू, पोट दुखतं का?"

"चलता है, पोरी. मले पलंग आहे, रजई आहे. पुस्तकातल्या तिनं तं तळघरात फरशीवर दिवस काढले. मी काय रडू?"

स्वयंपाकघरात कोसळल्या तेव्हाच दवाखाना दिसला. "इतने दिन बताया क्यों नहीं, माताजी?" असं डॉक्टरांनी विचारलं. दुखणं हाताबाहेर गेलं होतं. मला त्या पुस्तकाचा संताप आला, अजूनही येतो. दुसऱ्याचं डोंगराएवढं दुःख पाहून आपल्याजवळच्या घासाची किंमत कळावी, हे खरंच. पण म्हणून आपलं दुखणं दुखायचं थांबत नाही, हे काकूंना कुणी वाचून दाखवलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी एका दुपारी काकांनी दवाखान्यात थर्मासमधून चहा नेला. काकूंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "नुसतं पाणी. अद्रक काहून नाही टाकलं?"

काकांचा चेहरा असा उजळला की बघवेना. जन्मभर जिच्या तक्रारींनी कान किटले, तिची एक तक्रार ऐकून तो म्हातारा तसाच उन्हात ऑटो पकडून घरी गेला, अद्रक ठेचून चहा केला आणि घामाघूम परत आला. काकूंनी घोट घेतला. काकांच्या ओल्या सदऱ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं आहे."

काका भिंतीकडे तोंड करून रडले. त्याच आठवड्यात काकू गेल्या.

रेंजवर अजून गोळे सुटतात. खिडक्या थरथरल्या की काका काठी टेकत ओसरीत येतात, आभाळाकडे बघतात आणि फाटक्या आवाजात ओरडतात, "झोपू द्या ना रे तिले!"