वाढत्या अंगाची सायकल

टेपमावशींनी कधी कुणाला उंची विचारली नाही. कुणी आपणहून सांगायला लागलं की हात वर करून थांबवायच्या. "उंची दाराच्या चौकटीसाठी. सायकलला पाय लागतात." मग गॅरेजच्या भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, दोन्ही पायांमध्ये एक जाड पुस्तक घट्ट वर ओढून धरायचं आणि पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंत मावशी टेप लावायच्या. टेप शिंप्याची. अमेरिकेत येण्याआधी त्या सांगलीत ब्लाउज शिवायच्या. नवरा वारल्यावर, त्यांनी हौसेने जमवलेल्या जुन्या सायकली मावशींनी त्याच टेपने माणसांना बसवायला घेतल्या. स्टेट कॉलेज या आमच्या विद्यापीठाच्या गावात शिकायला आलेली बहुतेक मराठी मुलं पहिली रोड बाइक घेण्याआधी त्या भिंतीशी उभी राहून आलेली असायची.

मी गेले ती सौदा मनात पक्का करूनच. गाव सोडून जाणारा एक जण छप्पन्न सेंटिमीटर फ्रेमची उत्तम सायकल जवळजवळ फुकट देत होता, आणि कॅम्पसची बस माझ्या लॅबच्या मैलभर आधीच वळायची. रूममेट शलाकाने बजावलं होतं, हाफ पँट घालून जा आणि वाद घालू नकोस. मी वाद घातला. मावशींनी टेप वाचली, मनातल्या मनात फ्रेमचं माप काढलं आणि "अठ्ठेचाळीस" एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, सीट खाली करीन, होईल सवय. आमच्या घरी बूट, स्वेटर, गणवेश, सगळं वाढत्या अंगाचंच घ्यायचे.

"तेवीस वर्षांची घोडी झालीस. अजून किती वाढणार आहेस? आणि सीट खाली करशील गं, हात कुठून लांब करून आणशील?"

आपल्याकडे माणसानेच वस्तूत मावायचं असतं. गणवेशात मावा, सासरात मावा, साहेबाने दिलेल्या खुर्चीत मावा. टोचलं तर दोष तुमच्या अंगाचा. याविरुद्ध मी पानंच्या पानं लिहिली होती, आणि तरी स्वतःसाठी छप्पन्नची सायकल घ्यायला निघाले होते. मावशींनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही, पण चुकीच्या मापाची सायकल त्यांच्या गॅरेजमधून बाहेर पडली नाही. फ्रेमचा आडवा दांडा दोन्ही पायांमध्ये घेऊन उभं करायच्या. टाचा जमिनीला आणि वर दोन बोटं जागा हवी, नाहीतर परत जा. "कपडा ढगळ झाला तर लोक हसतात," त्या म्हणायच्या. "सायकल ढगळ झाली तर कुणी हसत नाही."

का, ते त्यांनी त्याच दिवशी दाखवलं. कोपऱ्यात एक निळी सायकल होती. छप्पन्नचीच. निनाद, त्यांचा मुलगा, बारा वर्षांचा असताना घेतलेली. नवरा लहान फ्रेम बघत होता, मावशीच म्हणाल्या होत्या, वाढत्या अंगाची घ्या. सीट अगदी तळाला बसवली होती. चौथ्या दिवशी स्टॉप साइनपाशी निनादने ब्रेक लावला, पाय खाली सोडला, पाय जमिनीला पोचला नाही. तो डावीकडे कलंडला, आणि डावीकडून गाडी येत होती.

आता ती सीट बरीच वर होती. सीटच्या दांडीवर सुईने ओढलेल्या सात रेघा होत्या. वरच्या रेघांमध्ये बोटभर अंतर, खाली खाली मात्र त्या जवळ येत गेलेल्या. मला वाटलं, गेलेल्या मुलाच्या वाढदिवसाला आई सीट थोडी चढवत असेल. मी तसं हळूच विचारलं.

"मी नाही चढवत. मी फक्त खूण करते. दर एप्रिलला."

भानामतीविरुद्धची पत्रकं वडिलांबरोबर वाटत मी मोठी झाले. मी पान्हा मागून घेतला. बोल्ट गंजून असा धरला होता की दोघींच्या जोरानेही हलला नाही. आणि सीट सैल असली तर खाली घसरते, वर चढत नाही. मी दांडी फ्रेममध्ये शिरते तिथे नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली आणि मावशींना सांगितलं, पुढच्या एप्रिलमध्ये बघू. त्यांनी मान डोलावली, एखाद्या गिऱ्हाइकाने ब्लाउजची तारीख सांगावी तशी.

वर्षभर मी अठ्ठेचाळीसवर हिंडले आणि त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळलं. एप्रिलमध्ये माझी रेघ सुताभर वर आली होती. बोल्टावरचा गंज तसाच, न खरवडलेला. मावशींनी सुई घेऊन आठवी खूण केली. सांगलीहून बहिणीचा फोन दर रविवारी यायचा, एकटी किती दिवस राहणार, परत ये. मावशींचं उत्तर ठरलेलं होतं: अंग वाढतंय तोवर हलता येत नाही. बहिणीला वाटायचं, इकडच्या विद्यार्थ्यांबद्दल बोलतेय.

त्याच्या पुढच्या एप्रिलला सीट हलली नव्हती. मावशींनी दोनदा टेप लावली, पेडलपासून सीटपर्यंत, मग बोटांवर हिशोब केला. पाय शहाऐंशी सेंटिमीटर. "छप्पन्न," त्या म्हणाल्या. "बरोबर बसतेय." मग सुई डबीत ठेवली आणि बहिणीला फोन लावला.

जूनमध्ये घर विकलं. बाकीच्या सायकली ज्याच्या त्याच्या मापाने गेल्या. एअरपोर्टला सोडायला मी गाडी घेऊन गेले तेव्हा भर दुपार होती. मावशी निळी सायकल हाताने ढकलत ड्राइव्हवेच्या मधोमध घेऊन आल्या. चाकांत हवा भरलेली होती. मी म्हटलं, भिंतीला टेकवून ठेवू, नाहीतर पडेल. रोड बाइकला स्टँड नसतो.

"कशाला? आता पाय टेकतात त्याचे."

त्यांनी हँडल सोडलं, मग सीटवरचाही हात काढला आणि पर्स सावरत गाडीत येऊन बसल्या. मी गाडी मागे घेतली, वळवली आणि स्टॉप साइनपर्यंत नेली. तिथून मागे वळून बघितलं, तेव्हा सायकल तशीच उभी होती.