पाळण्यासाठी घेतलेला डबा

रंगनाथ रेल्वेच्या फाटकावर एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाला, पण फाटक काही त्याच्या अंगातून गेलं नाही. पूर्णेत त्याचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. शिट्टी ऐकू आली की हा माणूस जेवता जेवता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघणार आणि "बारा मिनिटं लेट" असं ताटाला सांगणार. स्टेशनमास्तर फोनवर नंबर सांगतो, गेटमन तोच नंबर परत म्हणून दाखवतो आणि मगच गाडी सुटते. ही शिस्त त्यानं घरातही आणली होती. बाहेरगावी निघताना बायको कुसुमबाई उंबऱ्यात उभी राहून विचारायची, "गॅस?" हा आतून बटण नाहीतर खटका फिरवत ओरडायचा, "बंद." "मोटर?" "बंद." "टीव्ही?" "बंद." मगच कुलूप. शेजारच्या मुंजाजीचा टीव्ही एकदा वीज पडून जळाला, तेव्हापासून टीव्हीचं बटण भिंतीवरूनच बंद करायचं हा तर या घरचा कायदाच झाला होता. त्यांची एकुलती एक लेक सुकेशनी लहानपणी हसायची, "आपण गावाला जायलोय का गाडी सोडायलोय?"

कुसुमबाईचं राज्य वेगळं. गावात कुणाच्याही घरी बारसं असलं की पाळणा म्हणायला तिला बोलावणं यायचं. आवाज काही गोड म्हणावा असा नव्हता. जाडसर, थोडा खरखरीत, पण त्या आवाजात दोरी धरली की रडकं पोर गप व्हायचं, हे अख्ख्या पूर्णेला ठाऊक. सुकेशनी जन्मली त्या रात्री रंगनाथ फाटकावर अडकला होता, तेव्हा कुसुमबाईनं स्वतःच एक पाळणा रचला. त्याचं तिसरं कडवं असं:

निज गं बाई, निज गं आता, गाडी गेली लांब,
बापानं लावलं फाटक, वाऱ्या तूबी थांब.

घरात येताजाता ती हे म्हणायची. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना. कुणी कधी ते मोबाइलवर भरून ठेवलं नाही. रोज घरात असलेली गोष्ट कोण जपून ठेवतो? आपल्या सगळ्यांचंच हे असं आहे, एकट्या रंगनाथला काय बोलायचं.

गेल्या वर्षी सरकारी चॅनेलची माणसं पाळण्याची गाणी गोळा करत पूर्णेला आली. विहाराच्या ओट्यावर कुसुमबाईला बसवून तीन पाळणे घेतले, त्यात हाही. "दाखवू तेव्हा कळवू," म्हणाले आणि गेले. पुढं सहा-सात महिन्यांत तिच्या गळ्याला गाठ दिसू लागली. आवाज बसला तो बसलाच. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ काढावी लागेल, आणि आवाजाची नस अगदी चिकटून आहे. "जीव वाचेल. आवाजाचं मी सांगू शकत नाही. तोवर बोलायचंही नाही." आणि सुकेशनीला त्याच वेळी सातवा महिना. पहिलं बाळंतपण, ते पूर्णेतच व्हायचं. जिनं गावाची पोरं निजवली तिला आपल्या नातवंडाचा पाळणा म्हणता येणार नाही, हे घरात कुणी उघड बोललं नाही. 

आणि मग चॅनेलचा फोन आला. कार्यक्रम गुरुवारी, सकाळी साडेअकराला. ऑपरेशनही त्याच गुरुवारी.

रंगनाथनं एका झटक्यात ठरवलं, हे रेकॉर्ड करायचं आणि बारशाला पाळण्याजवळ लावायचं. केबल त्यानं सहा महिन्यांपूर्वीच तोडली होती. "सासू-सुनांची भांडणं बघायला पैसे द्यायचे, त्यापेक्षा गल्लीत फुकट मिळतात," असं कुसुमबाईचं मत. गच्चीवर फुकट चॅनेलची छत्री बसली होती, तिच्यासोबत आलेला डबा फक्त दाखवायचा, साठवायचा नाही. तेव्हा आता साठवणारा डबा शोधणं आलं.

ज्या पप्पूची केबल तोडली त्याच्याच दुकानात जावं लागलं. केबल बुडाल्यावर पप्पूनं छत्र्यांचाच धंदा धरला होता. "जय भीम मामा. आता आठवण आली व्हय माझी?" असा टोमणा मारून त्यानं दोन डबे काढले. दोन्हींना पेनड्राइव्ह लागायचा. रंगनाथनं एकेकाला उलटसुलट करून बघितलं, जसा काय फाटकाचा कंदील तपासतोय.

"ह्याच्यात भरलेलं मुंजाजीच्या टीव्हीवर चालल का?"

"न्हाई मामा. हा स्वस्तातला. ह्यानं भरलेलं ह्यालाच कळतं."

"म्हणजे हा डबा मेला की आवाजबी मेला?"

पप्पूनं दुसरा डबा पुढं सरकवला. त्यानं भरलेलं कुठंही लागायचं, मोबाइलवरसुद्धा. टायमर लावून ठेवता यायचा. "फकस्त एक ध्यानात ठेवा मामा, रिमोटनं बंद करायचं. ही लाल लाइट जळत राहिली पायजे. ती जळती तवरच आतला टाइम चालू असतो."

लाल दिव्याचं गेटमनला काय सांगायचं! लाल दिवा जळतोय म्हणजे सगळं जागच्या जागी आहे, ह्याच भरवशावर तो एकतीस वर्षं झोपला होता. डबा घरी आला आणि टीव्हीच्याच बटणावर जोडला गेला. तीन दिवस त्यानं चाचण्या घेतल्या. पपईवरच्या रोगाचा अर्धा तास टायमर लावून भरला, पेनड्राइव्ह घेऊन मुंजाजीकडे गेला आणि त्या बिचाऱ्याला अख्खा बघायला लावला. एक शब्द तुटला नव्हता. मग काय, स्वारी गल्लीभर सांगत सुटली. पलीकडची लक्ष्मीबाई म्हणाली, "भाऊ, मीबी मोबाइल धरते की टीव्हीसमोर." तर हा म्हणतो कसा, "कशाला? पंख्याचा घरघर आवाज येतो, पोरं बोंबलतात. कुणी मोबाइल धरू नका. माझ्याकडं मशीन हाय." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बुधवारी सकाळी नांदेडला निघायचं होतं. सुकेशनी परभणीहून आली होती. रंगनाथनं टायमर दोनदा तपासला, रिमोटनं डबा बंद केला, लाल दिवा लागलेला सगळ्यांना दाखवला. पिशव्या बाहेर गेल्या. कुसुमबाई उंबऱ्यात उभी राहिली. बोलायची बंदी, म्हणून तिनं नुसतं बोट केलं स्वयंपाकघराकडे. "बंद," आतून उत्तर आलं. मोटरीकडे बोट. "बंद." टीव्हीकडे बोट. "बंद." कुलूप लागलं आणि तिघं स्टेशनाकडे चालू लागली.

गुरुवारी साडेअकराला रंगनाथ ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर होता. त्यानं घड्याळ बघितलं. इथं आत गळा उघडलेला, पण तिकडे घरी तोच गळा गातोय, सुखरूप साठतोय, असं त्याच्या मनात आलं आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याला जरा हलकं वाटलं. शेजारी बसलेल्या लेकीला तो म्हणाला, "झालं बघ भरून आता." सुकेशनीनं पोटावर हात ठेवून मान हलवली.

गाठ निघाली. जीव वाचला. आवाज गेला. ओठ हलायचे आणि नुसती हवा यायची. सहा महिन्यांत परत येईल, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. पाचव्या दिवशी घरी आल्यावर कुसुमबाईनं खाटेवर टेकताच पहिली खूण केली ती टीव्हीकडे. लाव.

रंगनाथ पुढं झाला आणि थबकला. लाल दिवा नव्हता. भिंतीवरचं बटण वर होतं. त्यानं ते खाली दाबलं, तेव्हा डब्यानं नव्यानं वेळ विचारली, नुकत्याच जन्मलेल्या पोरासारखं, मागचं काही ठाऊक नसल्यागत. त्याच्या बोटांना आठवलं. "बंद" म्हणताना हेच बोट ह्याच बटणावर गेलं होतं.

"लाइट गेली व्हती वाटतं गुरुवारी," तो भिंतीकडे बघत म्हणाला. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्याशी तो क्वचितच खोटं बोलला असेल, आणि त्याला खोटं बोलता येत नाही हे तेव्हाही दिसलं.

तेवढ्यात पप्पू पेढे घेऊन दारात. "मामी, काय झालावो तुमचा कार्यक्रम! अख्ख्या गल्लीनं बघितला. त्या तिसऱ्या कडव्याला तर लक्ष्मीमावशी रडायलती."

"लाइट?" सुकेशनीनं विचारलं.

"लाइट एक मिनिट गेली न्हाई ताई."

 रंगनाथ खाटेच्या पायथ्याशी खाली बसला. "मीच बंद केलं, कुसुम. माझ्याच हातानं. आन लोकायलाबी मीच न्हाई म्हणलो मोबाइल धरायला." तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटणं हातात घेऊन तो भरल्या घरात लहान मुलासारखा रडला. सुकेशनीनं चॅनेलला फोन लावले, चिठ्ठ्या पाठवल्या. पुन्हा दाखवायचं ठरलेलं नाही, एवढंच उत्तर आलं. इंटरनेटवरही काही सापडलं नाही.

कुसुमबाई दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आवाज नसलेल्या माणसाचा राग फार अवघड. शिव्या दिल्या असत्या तर रंगनाथनं आनंदानं खाल्ल्या असत्या. तो पेज करायचा, पेला तोंडाशी धरायचा, आणि ती त्याच्याकडे न बघता प्यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं सुकेशनीची शाळेतली जुनी पाटी मागितली. बराच वेळ लिहून ती रंगनाथसमोर धरली. तिथं तीनच शब्द होते. "बोट म्या दाखवलं."

त्यानं वाचलं, परत वाचलं. मग मान जोरात हलवून म्हणाला, "न्हाई, न्हाई. बटण माझ्याकडं व्हतं." तिनं पदरानं पाटी पुसली आणि पाळण्याची पहिली ओळ लिहिली. त्याच्याकडे बोट केलं. म्हणा.

"मी?" रंगनाथ घाबरला. हिरवी झेंडी दाखवायची तेवढी माहीत असलेला माणूस तो. पण तिचं बोट खाली जाईना. शेवटी त्यानं म्हटलं, आणि दारातली शेळी उठून गेली. कुसुमबाईनं खाटेच्या लाकडावर ठेका धरला. चुकला की ठक. परत. चुकला की ठक. दोन महिने रोज सकाळी हे चाललं. गल्लीतली पोरं नक्कल करायची, मुंजाजी दारं लावून घ्यायचा. रंगनाथ नंबर परत म्हणून दाखवावा तशी एकेक ओळ परत म्हणून दाखवत राहिला. गळा त्याचा फाटकाच, पण ठेका हळूहळू तिचा यायला लागला.

सुकेशनीला मुलगी झाली. नाव अपेक्षा ठेवायचं ठरलं. बाराव्या दिवशी घर बायांनी भरलं, वंदना झाली, आणि पाळण्याची दोरी धरायला पुढं आला तो रंगनाथ. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "अगं बया, भाऊ म्हणणार?" कुसुमबाई पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला पाटी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं पाटीच्या कडेवर बोट आपटलं. हा सुरू झाला.

पहिलं कडवं बेसूर गेलं. दुसरं बरं गेलं. हसणं थांबलं होतं. कुसुमबाईचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते, आवाजावाचून. तिसऱ्या कडव्यात बापाच्या जागी आजा घालायचा होता. "आज्यानं लावलं फाटक," एवढं म्हणून त्याला रडू फुटलं आणि उरलेली ओळ निघेना. लक्ष्मीबाईनं ती उचलली, मागून बायांनी पुरी केली. पाळणा संपला, पेढे वाटले गेले, जो तो रंगनाथच्या पाठीवर थाप मारायला लागला.

कुसुमबाई मात्र खाली मान घालून लिहीत होती. गर्दी पांगल्यावर तिनं पाटी त्याच्याकडे वळवली.

"तिसऱ्यात रडायचं नसतं. लेकरू जागं होतं. उद्या परत म्हणा."