पाण्याचा भात

गोंदियाजवळच्या कुडव्यातले आमचे शेजारी काकाजी चहा पिण्याआधी विचारत, “कशात उकळला जी?” स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, असं सांगितल्यावरच कपाला हात लावत. काकूंना विसर पडायला लागला तेव्हापासूनची ही सवय. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यातलं खाऊन माणूस भुलतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. तसं पक्कं म्हणता येत नाही, असं गोंदियाच्या डॉक्टरांनी समजावलं. काकाजी म्हणाले, “पक्कं नाही म्हणजे खोटंही नाही ना जी.” आणि घरातलं सगळं जर्मन त्यांनी मोडीत दिलं. कलई केलेला पितळी गंज आणला, लोखंडी कढई आणली.

पण काकूंनी जन्मभर भात रांधला तो एकाच पोचे पडलेल्या जर्मनच्या गंजात. तो दिसेना म्हणून त्या गॅसजवळ जाईनात, परक्याच्या घरी आल्यासारख्या दारातच उभ्या राहत. शेवटी काकाजींनी तो भंगारवाल्याकडून परत आणला. आता त्यात नुसतं पाणी उकळायचं, काकूंना ढवळू द्यायचं, मग ते अंगणात ओतून पितळेतला भात वाढायचा. हे त्यांनी मला अगदी हळू आवाजात सांगितलं होतं.

एकदा ते असंच पाणी ओतायला गेलेले असताना काकूंनी मला जवळ बोलावलं.

“बाबू, यायले डॉक्टरकडे ने बा. रोज नुसतं पाणी उकळून राह्यले. तांदूळ टाकाले भुलून जातेत.”

मी मान डोलावली. काकाजी रिकामा गंज घेऊन आत आले, तशी काकूंनी माझ्याकडे बघत ओठांवर बोट ठेवलं.