एका पात्यात किती दाढ्या

दाढीचं एक पातं किती दिवस वापरावं, यावर माझं मत विचारणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. मी ते न विचारताच देत आलो. तरुणपणी माझं मत असं होतं की पातं कधी बोथट होत नाही, माणसालाच धीर नसतो. दाढी ओढल्यासारखी वाटली की लोक पात्याला दोष देतात. साबण नीट फेसला होता का, पाणी पुरेसं कढत होतं का, गाल ताणून धरला होता का, हे कोणी बघत नाही.

हे मत मी हिंगोलीत मास्तरकी करत असताना तयार केलं. लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि विलायती पाती बाजारातून दिसेनाशी झाली होती. एखाद्या दुकानदाराकडे असलीच तर तो ती ओळखीच्यालाच द्यायचा, तेही मागच्या खोलीतून, काहीतरी चोरीचं दिल्यासारखी. माझ्याकडे हैदराबादेहून आणलेलं दाढीचं यंत्र होतं आणि त्यात एक पातं होतं. दुसरं घेण्याचा विचार माझ्या मनात आला नाही, कारण पहिलं मोडलेलं नव्हतं.

माझ्या खोलीत कचेरीतला एक कारकून राहायचा. त्याचं मत होतं, एका पात्यात सात दाढ्या. आठव्या दिवशी तो ते पातं पेन्सिलीला टोक करायला ठेवून द्यायचा. मी त्याला उधळ्या म्हणायचो. माझी रीत वेगळी होती. दाढी झाली की पातं धुवायचं, पुसायचं, काचेच्या ग्लासाच्या आतल्या अंगाला बोटाने दाबून इकडून वीस वेळा आणि तिकडून वीस वेळा घासायचं, गोड्या तेलाचं बोट लावायचं आणि कागदात गुंडाळून ठेवायचं. शिवाय आमच्या घरच्या वळणाप्रमाणे मंगळवारी, शनिवारी, एकादशीला आणि अमावास्येला दाढी करायची नाही. वडिलांच्या मते हे धर्मासाठी होतं. माझ्या मते पात्याला विश्रांती मिळावी म्हणून कोण्या शहाण्याने केलेली ती सोय होती.

असं करत करत ते पातं चौथ्या महिन्यात गेलं. सकाळी गालाला तिखट लावल्यासारखं व्हायचं. कारकून म्हणायचा, "मास्तर, तुमी दाढी करून राहिले का सोलून राहिले?" मी उत्तर देत नसे, कारण बोललं की जखम उघडायची.

पौषात आमच्या गावाहून, हट्ट्याहून, घरची चिठ्ठी आली. वडील आजारी होते हे मला माहीत होतं. पावसाळ्यापासून त्यांच्या पायांवर सूज होती आणि चार पावलं चाललं की दम लागायचा. वसमतच्या डॉक्टरने औषध दिलं होतं आणि आईला बाजूला घेऊन, पोराला बोलावून घ्या, असं सांगितलं होतं. चिठ्ठीत एवढंच होतं की निघून ये. मी ती उभ्या उभ्या वाचली आणि मला एकच गोष्ट हवी झाली. वडील मला जिवंत भेटले पाहिजेत.

खरं तर तसंच निघायला हवं होतं. पण वाढल्या दाढीने मी वडिलांपुढे कधी गेलो नव्हतो. पाणी तापवायला वेळ नव्हता. गार पाण्यात साबण नीट फेसला नाही आणि मिशीची कड धरताना पातं अडकलं. अडकलं म्हणून मी जोर लावला. उजवीकडची अर्धी मिशी गेली आणि थोडा ओठही गेला. अर्ध्या मिशीने चारचौघांत जाता येत नाही म्हणून मी डावीकडचीही काढली, ओठावर कागदाचा कपटा चिकटवला, डोक्यावर टोपी घातली आणि स्टेशनाकडे पळालो.

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. बाप जिवंत असेपर्यंत मुलगा ओठावरची मिशी उतरवत नाही. ती एकदाच उतरते, बापाच्या दहाव्याला, नदीवर, न्हाव्याच्या हातून, बापाच्या नावाने. हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या दिवशी मात्र डोक्यात गाडी पकडण्यापलीकडे काही नव्हतं. डब्यात एका म्हाताऱ्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून खिडकीजवळची जागा मला दिली. मला वाटलं, आपला पेशा चेहऱ्यावर दिसतो.

वसमतला आमच्याच गावचा गाडीवान भेटला. तीन दिवसांपूर्वी तो कापूस घेऊन आला होता आणि आता रिकामी गाडी घेऊन परत निघाला होता. एरवी हा माणूस बैलांशीसुद्धा सारखा बोलत असायचा. त्याने मला पाहिलं, खाली उतरला, माझी पिशवी उचलून गाडीत ठेवली आणि कडब्यावर आपलं घोंगडं माझ्यासाठी अंथरलं. बोलला काहीच नाही. वडिलांना मी दादा म्हणायचो. दादा कसे आहेत, एवढं विचारायचं होतं, पण विचारवेना. दोन कोस गेल्यावर तो बैलांकडे बघत म्हणाला, "लई चांगला मानूस व्हता."

मग विचारण्यासारखं काही राहिलं नाही. मी घोंगड्यात तोंड घालून रडलो. पुढे तोही रडत होता. तुला कधी कळलं, हे मी त्याला विचारलं नाही आणि त्यानेही मला विचारलं नाही. अशा वेळी विचारत नाहीत.

त्याचा हिशोब मला नंतर कळला. आपल्यामागे म्हातारा गेला असणार, मास्तरला तार गेली असणार आणि मास्तरने क्षौर तिकडेच उरकलं असणार. दिवस जमत नव्हते, पण शिकलेला माणूस दहावा दिवस कुठेही आणि केव्हाही उरकतो, असा आमच्या गावाचा पक्का समज होता.

गाडी घरासमोर आली तेव्हा वडील अंगणात उन्हात खाटेवर बसून वाटीतली पेज पीत होते. गाडीवानाने त्यांना आधी पाहिलं. तो गाडीतून उतरला आणि चाकाला टेकून मातीतच बसला. मी धावत गेलो आणि वडिलांचे सुजलेले पाय धरले. इतका आनंद मला पुढे लग्नातही झाला नाही. आई दारात आली, तिने माझं तोंड पाहिलं आणि तिचा हात स्वतःच्या तोंडावर गेला.

वडिलांनी वाटी खाली ठेवली. "कोन गेलं?"

"कोनीच न्हाई, दादा."

"मंग मिशी काहून उतरवली?"

तेव्हा माझा हात ओठाकडे गेला. "पातं अडकलं," मी म्हणालो.

"किती दिसाचं व्हतं?"

"चवथा म्हैना लागला व्हता."

वडिलांनी डोळे मिटले. मला वाटलं दम लागला. ते हसत होते, पण हसायला लागतो तेवढा श्वास त्यांच्यापाशी नव्हता.

आई हसली नाही. तिने आत जाऊन मीठमोहऱ्या आणल्या, वडिलांवरून ओवाळून चुलीत टाकल्या आणि मला म्हणाली, "जित्या बापाची मिशी उतरवली रे लेका." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार महिने मी एका पात्याचं कौतुक केलं होतं आणि त्याची किंमत तिला अशी मोजावी लागत होती.

दुसऱ्या दिवशी न्हावी वडिलांची दाढी करायला आला. तो वडिलांच्याच वयाचा होता आणि त्याच्यापाशी त्याच्या बापाचा वस्तरा होता. वडिलांनी मला उजेडात बसवलं आणि त्याला विचारलं, "ह्याची मिशी कवा येईल?"

न्हाव्याने माझी हनुवटी धरून तोंड वळवून पाहिलं. "म्हैना लागंल. सव्वा म्हैना."

"मंग तवर मला थांबावं लागंल," वडील म्हणाले. "माझ्या नावानं उतरवायला कायतरी पायजे का न्हाई?"

"पायजे," न्हावी म्हणाला आणि साबण लावू लागला. दोघांनी बैलाचा सौदा ठरवावा तसं ते ठरलं.

आश्चर्य म्हणजे वडील थांबले. आठ दिवसही काढणार नाहीत असं डॉक्टर म्हणाला होता, पण ते दोन वेळा पेज घेऊ लागले, कधी त्यात दूधही घालून घेऊ लागले. रोज सकाळी ते मला खाटेशी बोलवायचे, ओठावरून अंगठा फिरवायचे आणि आईला म्हणायचे, "अजून काई न्हाई." म्हणजे अजून आपली वेळ आली नाही. आई गोठ्यात जाऊन डोळे पुसून यायची.

मी शाळेत गणित शिकवायचो. महिना-सव्वा महिन्यात मिशी येणार आणि मिशी आली की वडील जाणार, ही मांडणी मला समजत होती. यातली एक बाजू माझ्या हातात होती. मी शाळेला रजेचा अर्ज पाठवला आणि कारकुनाला लिहिलं की मिळतील तेवढी कोरी पाती पाठव. त्याने कुठून कोण जाणे, चार पाठवली. सोबत सात दाढ्यांचं आपलं मत पुन्हा लिहिलं होतं.

दुपारी वडिलांचा डोळा लागला की मी गोठ्यामागे जायचो, ओठावर कंगवा धरायचो आणि सुटं पातं त्याच्यावरून हलकेच फिरवायचो. सगळी काढायची नाही, थोडी वाढ तर दिसली पाहिजे, पण तिची मिशी होऊ द्यायची नाही. याला धार हवी. बोथट पात्याने ओठ लाल होतो आणि लाल ओठ वडिलांना दिसला असता. म्हणून चार वेळा वापरलं की मी पातं फेकून द्यायचो. घासणं नाही, तेल नाही. माझ्या मताला मी इतक्या शांतपणे कधी सोडलं नव्हतं.

सव्वा महिना गेला, दीड झाला. न्हाव्याने एकदा जाता जाता मला दाराशी थांबवलं. "मास्तर, माझा जलम ह्याच्यात गेला," तो म्हणाला. "मी तुमच्या दादाला काई बोललो न्हाई." आणि हत्यारांची धोपटी काखेत मारून निघून गेला.

फाल्गुन लागला तसे वडील खालावले. आडवं पडलं की जीव घुसमटायचा, म्हणून पाठीशी पोती लावून बसूनच राहायचे. पायांतून पाणी झिरपू लागलं. पेज ओठांवरून परत यायची. तरी सकाळी अंगठा फिरवायचा त्यांनी सोडला नाही. मला तो अंगठा हवा होता. त्यापायी त्यांचे किती हाल होताहेत हे दिसत असून मी बघत नव्हतो.

एका सकाळी त्यांनी अंगठा तसाच ओठावर ठेवला.

"न्हावी सव्वा म्हैना म्हन्ला. त्याचं चुकत न्हाई," ते म्हणाले. "तू कापून राहिला."

त्यांच्या अंगठ्याखालीच मी मान हलवली.

"किती पाती लागली?"

"चवथं चालू हाय."

"चार," ते म्हणाले आणि श्वास गोळा होईपर्यंत थांबले. "तुझ्यासारक्या मानसानं. लई केलं रे." मग पुन्हा थांबून म्हणाले, "आता ऱ्हाऊ दे. मला लई तकलीफ व्हायली. येऊ दे."

मी खाटेच्या कडेला डोकं टेकून रडलो. त्यांनी मला रडू दिलं, अंगठा तेवढा काढून घेतला. बऱ्याच वेळाने मी व्हय म्हणालो.

मिशीला तीन आठवडे लागले. पूर्वी होती त्याहून दाट आली. तिचा मला राग यायचा, आरशात बघवत नसे. वडील रोज हात लावायचे आणि काही बोलायचे नाहीत. शेवटी एका सकाळी त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट नेलं आणि म्हणाले, "बराबर." त्यानंतर तिसऱ्या दिवशी, आई चुलीपाशी असताना, पोत्यांना टेकल्या टेकल्या ते गेले.

दहाव्याला नदीवर न्हाव्याने माझं डोकं केलं, दाढी केली आणि ओठाला पाणी लावलं. वस्तरा हातात घेतला, पण टेकवला नाही.

"उतरवू का?" त्याने विचारलं. हे तो कोणाला विचारत नसे.

मला व्हय म्हणता येईना. मागे भावकी ताटकळत उभी होती, ऊन चढत होतं. न्हावी माझ्यासमोर उकिडवा बसून राहिला. ओठावरचं पाणी वाळलं की तो वाटीत बोटं बुडवून पुन्हा लावत होता.