सुई न देणारा डाक्टर

लातूर नवा जिल्हा झाला, तवा आमच्या देवणीकडं दुष्काळ पडलता. डाक्टर एकच. माणसाला ताप आला तरी त्योच, गाईचा खूर सुजला तरी लोकं त्यालाच वढून न्यायचे. "मी जनावराचा न्हाई हो," म्हणायचा अन् बसायचा खूर धरून. सासू-सुनंचं भांडण बी ऐकायचा.

मी सडकंच्या कामावर खडी फोडायची. घरात तेवढीच मजुरी. एक दिवस भोवळ येऊन पडले. मुकादम म्हणला, "मावशी, पुन्हा पडलात तर नाव काटतो." तशीच डाक्टरकडं गेले.

"डाक्टरसाब, ताकदीची सुई द्या."

"पाणी किती पिता?"

"पिते की लई."

त्यानं माझ्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "मावशी, तुमी खोटं बोलायल्या."

मग मी खरं सांगितलं. घागरीतलं आधी मालकाला, लेकरांला, गाईला. उरलं तर मला.

सुई दिलीच न्हाई. मुकादमाला चिठ्ठी लिहिली, ह्या बाईला खडीवरून काढा, पाणी पाजायला ठेवा. मुकादम हसला, पर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डाक्टर फटफटीवर कामावरच आला. मी तांब्या भरून मुकादमाला द्यायले, तर डाक्टर मधीच म्हणला, "आधी तुमी."

"अवो, माणसं तहानेली हायती."

"थांबतील."

समदे बघायले. जल्मात कुणाच्या आधी पाणी पिले नव्हते. लाजून पदर तोंडापुढं धरला अन् सगळा तांब्या पिले.